फाकलेल्या बोटांचं 'नको'

मी माझ्याच लग्नाला 'नको' म्हटलं होतं. तेही मुलीच्या वडिलांना, त्यांच्याच घरात, त्यांच्या स्वयंपाकाच्या वासानं तोंडाला पाणी सुटलेलं असताना!

आम्ही डोंबिवलीचे. आमच्या घरात 'नको' हा नकार नसतो, शिष्टाचार असतो. आईची शिकवणच तशी. कुणाकडे जेवायला गेलं की पहिल्या वाढणीला 'नको' म्हणायचं, दुसरीला 'नको नको' म्हणत पानावर हात आडवा धरायचा आणि तिसरीला हात तसाच ठेवून बोटं फाकवायची. (म्हणजे नकोही म्हणून होतं आणि लाडूही आत पडतो!) पहिल्या फटक्यात हो म्हणतो तो हावरट. या शिस्तीत मी इतका मुरलो की भाजीवाल्यानं पिशवी देऊ का विचारलं तरी नको म्हणायचो आणि कांदे पोटाशी कवटाळून घरी यायचो.

शुभांगी घोडबंदर रोडला माझ्याच ऑफिसात होती. ती कोलशेतच्या कोळीवाड्यातली. आमचं जमलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला जेवायला बोलावलं. मुलगा पारखूनच काय ते ठरवणार होते. "सरळ बोल रे त्यांच्याशी," शुभांगीनं बजावलं. "आडवळणाचं त्यांना कळत नाही."

रस्त्यात दोन तास अडकल्यामुळे पोहोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. पान वाढलं गेलं. शुभांगी आत मासे तळत होती. तिची आई तळलेली बोय घेऊन आली. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं.

आणि ती परत गेली की हो!

मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. मग चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण आलं. आता तरी शहाणपण सुचावं ना? पण जित्याची खोड! मी नको म्हटलं आणि तेही गेलं. माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि चिमूटभर मीठ उरलं. समोर नाना चिंबोरीचा नांगा फोडून चवीनं चोखत होते. मी मीठ लावून भाकरी खाल्ली आणि छान झालीय असंही म्हणालो.

नानांनी नांगा बाजूला ठेवला आणि थेट विचारलं, "मंग? आमची पोरगी देव का तुमाला?"

"नको," माझ्या तोंडून गेलं.

घाबरून सुधारायला गेलो, तर बाहेर काय पडावं? "नको नको."

नाना शांतपणे म्हणाले, "नको तं नको. खारीन जालं टाकू का इचारला नि समोरच्यानं नको सांगला, तं मंग नकोच. दुसऱ्यांदा इचारंपर्यंत भरती निंगून जाते." आणि ते हात धुवायला उठले. माझी भरती उठून चालली होती.

तेवढ्यात झारा हातात घेऊन शुभांगी बाहेर आली. "नाना, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. हात बघा त्याचा."

माझा हात रिकाम्या पानावर आडवा होता. बोटं सताड फाकलेली! रोज असंच नको नको म्हणत हा माझा अर्धा डबा संपवतो, असं तिनं भर घरात सांगून टाकलं. नाना माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. म्हणाले, "आता यक डाव सरल सांगा."

"हो," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा, एका दमात. (सासूबाईंना वाटलं मी बोयला हो म्हणतोय. त्यांनी चार तुकडे वाढले.)

त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. नानांनी त्यांचा नियम मोडून मला दुसऱ्यांदा विचारलं. आणि माझा शब्द सोडून माझी बोटं वाचणारी बायको मिळाली, याहून मोठं नशीब ते काय?

गेल्या रविवारी सासरी गेलो तेव्हा माझं पोट खरोखर बिघडलं होतं. मी अगदी मनापासून, हात जोडून नको म्हणणार होतो. पण हात सवयीनं पानावर गेला. सासूबाईंनी चष्मा लावून बोटं तपासली आणि अख्खी चिंबोरी वाढली.