वरची मूठ

झुंबरबाईची तागडी आणि मापं अतिक्रमणवाल्यांनी गाडीत घालून नेली, तेव्हा अख्ख्या शिवाजी पेठेला वाटलं, म्हातारी आता काही परत यायची न्हाय. पेठेला काय, काहीही वाटतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गगनबावड्याची एस.टी. आली आणि बाई आपल्या कोपऱ्यावर हजर, डोक्यावर करवंदांची पाटी आणि कपाळावर आठ्या.

तो कोपरा म्हणजे तिची चूल. नवरा गेल्यापासून उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाजी, थंडीत आवळे, सगळं इथंच विकून तिनं पोरगी स्वप्नाली शिकवली. हितनं उठली की संपलीच. आणि उठवायचं झालं की गाडीवाले माणसाला हात लावत नाहीत, त्याची तागडी उचलतात. वजनाशिवाय विकणार काय, कपाळ?

झुंबरबाईनं पाटीतनं एक काठी काढली. दोन्ही टोकांना सुतळीनं डब्यांची झाकणं टांगली, मधोमध धरायला एक फास केला. तागडी झाली. राहिलं माप. तिनं कनवटीचा फोन काढला, स्वप्नालीनं घेऊन दिलेला, जाड रबरी कव्हरातला. समोरच्या किराणा दुकानात जाऊन धनपालशेठच्या काट्यावर ठेवला. थोडं कमी भरलं, तशी घराची किल्ली त्याला बांधली. बरोबर पाव किलो! शेठ पोट धरून हसले. बाई हसली न्हाय.

पण तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. भरली घागर जड, रिकामी हलकी. मग चार्जिंग उतरलं की फोन हलका होणारच की. आणि हलकं माप म्हणजे गिऱ्हाइकाला टोपी. ते काय तिला जमणारं नव्हतं. तिनं सरळ नेमच केला, चार्जिंग निम्म्याखाली आलं की वरची एक मूठ घालायची, लाल झालं की दोन. स्वप्नालीनं फोनवर परोपरीनं समजावलं, आई, चार्जिंगला वजन नसतंय.

"तुला नसंल, मला हाय," बाई म्हणाली आणि फोन परत झाकणात ठेवला.

पेठेतल्या बायका बिलंदर. सकाळी कोण फिरकेना झालं आणि सांजच्याला, मावशी चार्जिंग किती, म्हणत झुंबड. कुणी तिची चूक सांगेल तर शपथ.

अशाच एका संध्याकाळी गाडी परत आली. साहेब उतरले आणि तागडी, मापं काढा म्हणाले. बाईनं शांतपणे सुतळ्या ओढल्या. झाकणं पाटीवर, काठी मांडीवर, फोन कानाला. माप कुठं लपवलंय म्हणून साहेब खेकसले.

"ह्यो फोन हाय, साहेब. लेकीशी बोलायचा. न्यायचा असंल तर न्या की. पण पावतीवर लिवा, म्हातारीचा फोन उचलला म्हणून."

बायका फिसकन हसल्या. धनपालशेठ पायरीवर येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. साहेबांनी फोन हातात घेऊन उलटापालटा केला. पुढं स्क्रीनवर पदवीच्या झग्यातली स्वप्नाली, मागं लोंबकळणारी किल्ली. जप्त काय करणार, डोंबल? त्यांनी फोन परत दिला आणि आजच्या दिवस बसा म्हणाले. बाईनं सांगून टाकलं, उद्या बी बसणार, परवा बी बसणार.

साहेब वळले खरे, पण नजर करवंदांवर अडकली. गावरान, काळीभोर, चिकाचा वास येणारी. अखेर आवाज खाली आणून त्यांनी पाव किलो मागितली. बाईनं त्यांच्यादेखत झाकणं परत बांधली, एकात फोन, एकात करवंदं, आणि तागडी डोळ्यांपुढं धरली. काठी आडवी झाली. चार्जिंग लाल झालेलं सगळ्यांना दिसत होतं. मागनं कोणतरी म्हणालं, मावशी, साहेबांना दोन मुठी.

झुंबरबाईनं पाटीवर हात आडवा ठेवला.

"तुमची वरची मूठ माझ्या जुन्या तागडीत राहिली, साहेब. ती आणून द्या, मग घालते."