फळ्यावरचं पहिलं नाव

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. चौऱ्याण्णव साली बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. प्रेसवर सर्वांत जास्त नग काढणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायची टूम माझीच. इंदापूरकडच्या वरकुट्याहून येणारा हा मेंढपाळाचा मुलगा सुट्टी झाली की हात धुण्याआधी फळ्यापुढं उभा राही. म्हणायचा, "गावात मला मेंढक्याचा म्हणत्यात, साहेब. हितं माझं नाव हाय."

पत्रा आत सरकवायचा आणि दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे प्रेस खाली येताना हात बाहेर राहतात. वेग वाढावा म्हणून त्यानं एका बटणात लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे ते दाबलेलंच राही आणि एक हात पत्रा सरकवायला मोकळा. मी ती पाहिली आणि गप्प बसलो, कारण त्या आकड्यांवर माझीही बढती होती. चार दिवसांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. मी आधी पाचर काढून खिशात घातली, मग त्याला धरलं.

दवाखान्यात त्यानं विचारलं, "डाव्या हातानं जमंल न्हवं, साहेब? पुन्यांदा पहिला येतो बगा."

"जमेल की," मी म्हणालो. त्याला कामावरून काढल्याचं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं, आणि त्यातलं 'निष्काळजीपणा' हे कारण मीच सुचवलं होतं.