सुई घेतलेल्या बाईची कळ

‘मी डुला आहे,’ असं मी पहिल्यांदा आंबिवलीच्या त्या घरात जाहीर केलं, तेव्हा ज्या सुनेच्या बाळंतपणासाठी मी आले होते, तिच्या सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. घर आगरी. त्यांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो, डोळ्याचा डोला होतो.

‘म्हंजे डोल्यांची बाय?’ त्या लेकाला म्हणाल्या. ‘अरे, हिचं पोट वाढलंय. डोलं चांगलं हायेत हिचं!’

मी एवढी हसले की पुढ्यातलं सरबत माझ्या साडीवर गेलं. मग समजावलं, की मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बाळंतपणात बाईच्या उशाशी बसते, पाठ चोळते, पाणी पाजते, धीर देते. सासूबाईंचा चेहरा उजळला. ‘मंग बरं झालं. आता ती पाठीतली सुई नको.’

सून मला गच्ची दाखवायच्या निमित्ताने वर घेऊन गेली आणि वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून कुजबुजली, ‘मॅडम, मला ती कळा बधिर करणारी सुई हवीय. आणि घरच्यांना वाटतंय, ती टाळायलाच तुम्हाला आणलंय.’

‘हवीय तर घ्यायची.’

‘पण आई म्हणतात, कळ दिल्याशिवाय बाई आई होत नाही. उद्या जन्मभर ऐकायला लागेल, की हिने कुठे बाळ जन्माला घातलं, ते तर सुईने आणलं.’

बँकेत दिवसभर लोकांशी वाद घालणारी मुलगी ती. पण हे बोलताना तिने चादरीचा कोपरा पिळून पिळून पार दोरी केली होती. वेदनेपेक्षा तिला हे वाक्य भीती घालत होतं. मी म्हटलं, ‘सुई घेतलीस तरी मी उठून जाणार नाही. तुला कोण काय ऐकवणार, ते तेव्हा बघू.’

बाळंतपणाचा दिवस उजाडला तो रणरणत्या उन्हाचा. कल्याणच्या खासगी हॉस्पिटलात माझ्याशिवाय घरचं एकच माणूस आत चालणार होतं. मान अर्थात नवऱ्याचा. दुपारपर्यंत त्याने बायकोचा हात धरला, वारा घातला, शूरवीरासारखा उभा राहिला. मग तिने स्वच्छ आवाजात सिस्टरना सांगितलं, ‘मला सुई पाहिजे.’ भूलतज्ज्ञ आल्या, त्यांनी ट्रे उघडला, आणि आमचा वीर पिठासारखा पांढरा झाला. ‘आईला पाठवतो,’ एवढंच म्हणून तो भिंतीच्या आधाराने बाहेर गेला.

आल्या सासूबाई! ट्रे पाहिला, सुनेकडे पाहिलं. ‘थोडी कल काढ गो बाय. आम्ही नाय काढल्या?’

सुनेचे डोळे माझ्याकडे वळले. अशा वेळी भाषण ठोकायची मला भारी हौस आहे, पण ते गिळलं. फक्त विचारलं, ‘तुला काय हवंय?’

‘सुई,’ ती म्हणाली. या वेळी सासूकडे बघून.

मग माझं खरं काम सुरू झालं. सुई घेताना जराही हलायचं नसतं, आणि कळ तर माणसाला उभं-आडवं हलवते. मी तिच्यासमोर बसले, तिचं कपाळ माझ्या खांद्यावर घेतलं. ‘पाठ मांजरीसारखी कर. आता माझ्या मानेवर श्वास सोड. जोरात. माझ्या पावडरीचा वास कसा आहे?’

‘घाण आहे,’ ती दातओठ खात म्हणाली.

‘छान. सांगत राहा.’

भूलतज्ज्ञांचं काम होईस्तोवर माझ्या पावडरीचा असा उद्धार झाला की विचारू नका. नंतर तिला थंडी भरून आली, तेव्हा पांघरूण घातलं. सिस्टर सांगतील तसं कूस बदलायला मदत केली, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, सुकलेल्या ओठांना तूप लावलं. आणि ती चक्क झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत.

सासूबाई मात्र कासावीस. ‘हिला कललंच नाय तं ही कल देल कशी, जोर लावल कवा?’ त्या टोमणा मारत नव्हत्या, हे मला तेव्हा उमगलं. बाईला खरंच काळजी होती.

सून जागी झाल्यावर मी तिला विचारलं, ‘आईंचा हात पोटावर ठेवू?’ तिने मान डोलावली. सिस्टरही ‘ठेवा की’ म्हणाल्या. सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि तळहात अलगद टेकवला. थोड्या वेळाने त्या एकदम ओरडल्या, ‘आयली! कल आयली, दगडासारखं झालं गो!’ मग हळूच, ‘गेली... नरम झालं.’

‘मला फक्त दाबल्यासारखं वाटलं,’ सून म्हणाली.

‘तू निज. मी बघतंव.’

जोर करायची वेळ आली तेव्हा सून मॉनिटरकडे बघेना की माझ्याकडे. सिस्टर ‘आता’ म्हणायच्या आतच सासूबाई गर्जत, ‘आयली! दे गो, दे माझी बाय!’ आणि ती देई. मानेच्या शिरा ताठ करून, घामाने निथळत देई. माझ्या वाट्याला फक्त तिचं डोकं धरायचं काम उरलं. इतकी दुय्यम भूमिका मी आयुष्यात एवढ्या आनंदाने केलेली नाही.

मुलगी झाली. भरपूर केसांची, चिडलेली.

संध्याकाळी खोलीत नवऱ्याची शहाडची आत्या आली. बाळाला पाहून होतं न होतं तोच तिने विषय काढला, ‘सुई घेतली म्हनं? मंग कल कोनी दिली, डॉक्टरनी?’

सुनेने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

सासूबाई बाळाचं टोपडं बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘हिनंच दिली. एकेक दिली. माझा हात व्हता वर, मना इचार.’

सुनेने माझी बाही ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, ‘मॅडम, आईंना परत एकदा बोलायला लावा ना.’