चांदीच्या विमानाचा आहेर

समस्त वऱ्हाडवासीयांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जेट विमानं कोणाकडून घ्यावीत हा थोर प्रश्न एकदा अमरावतीच्या एका लग्नमंडपात येऊन बसला होता, आणि तो नासवण्याचं काम प्रस्तुत लेखकाने लाउडस्पीकरवरून, खणखणीत आवाजात केलं.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं. साठ सालानंतरचे दिवस. आमचा दादा मुंबईला एका विमान कंपनीत होता. कंपनीला नवी जेट घ्यायची होती, एकदम पुष्कळ. मधोमध एकच वाट आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या, अशी. विकणारे दोन परदेशी कारखाने. एकाच्या विमानाची इंजिनं शेपटीपाशी, दुसऱ्याची पंखांखाली. आमच्या घरात त्यांची नावंच ‘शेपटीवाले’ आणि ‘पंखवाले’ पडली होती. एकाने किंमत उतरवली की दुसरा वैमानिक फुकट शिकवून द्यायला तयार. त्याने तेवढं कबूल केलं की पहिला म्हणे, विमानं वर्षभर आधी देतो. दोघांचे कागद सांभाळायचे आणि साहेबांपुढे ठेवायचे, हे दादाचं काम. कोण कुठवर उतरला, हे त्यालाच ठाऊक.

“म्हणजे कापसाच्या बाजारातला दलालच की रे तू,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा. दलालानं दोघांकडचा चहा पेला तरी चालते. मी एकाकडचा पेलो, तर मले घरी बसवतील.”

लग्नाच्या चार दिवस आधी त्याचं पत्र आलं. विमानवाल्यांपैकी कोणाचाही आहेर आला तर उघडू नका, तसाच परत करा. दुसऱ्याच दिवशी बडनेरा स्टेशनवर शेपटीवाल्यांच्या मुंबईच्या एजंटाचं पार्सल उतरलं. बाबांनी ते उघडलंच. आत हातभर लांब चांदीचं विमान!

“आहेर परत करू? लग्नाच्या घरातून?” बाबा कडाडले. “पोरीले अपशकुन करून राहिले का तुमी?”

“दादाले सांगा तरी,” बहीण म्हणाली. तिचं कोण ऐकतो? विमान धान्याच्या कोठीमागे गेलं. लग्न आटोपेपर्यंत दादाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि त्या ठरवण्यात मीही होतो.

दादा आला तो साहेबांना घेऊनच. ते नागपूरला निघाले होते, एक दिवस उतरले. त्यांच्या मागोमाग पंखवाल्यांचा एजंट ‘सहज’ हजर. त्याने आहेर म्हणून आणलेला मिठाईचा डबा दादाने साहेबांच्या देखत स्टेशनवरच नाकारला होता. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. माझंही. तरी कोठीमागच्या विमानाचं नाव आम्ही काढलं नाही.

अक्षता पडल्या. आमच्याकडे आहेर लाउडस्पीकरवर पुकारतात. न पुकारलेला आहेर म्हणजे गिळलेला आहेर. पुकारणारा अर्थात मी! प्रत्येक लुगड्याला मी अशी चाल लावत होतो की अकोल्याची नवऱ्याकडची मंडळी जेवण विसरली. तेवढ्यात मामा धापा टाकत वर चढले. एका हातात चांदीचं विमान, दुसऱ्यात चिठ्ठी.

“सगळ्यात मोठा आहेर राहिला की भाच्या! कोठीमागं काहून ठेवला होता?”

मला सगळं माहीत होतं. चिठ्ठी खिशात घालता आली असती. पण अख्ख्या मांडवाच्या माना त्या विमानाकडे वळल्या होत्या, आणि अशा वेळी माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मी वाचलं. शेपटीवाल्यांचं पूर्ण नाव, गावासकट, दोनदा.

टाळ्या पडल्या. पंखवाल्यांचा एजंट तेवढा हसला. “म्हणजे आमचाच डबा वाईट होता!”

साहेब उठले. “हे कधी घेतलंत?”

“मला माहीत नाही, साहेब.” दादाच्या ओठांवर रंग नव्हता.

“तुमच्या घरात आलं आणि तुम्हाला माहीत नाही? ती फाइल उद्यापासून तुमच्याकडे नाही. नोकरीचं मुंबईला बघू.”

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी अकोल्याच्या व्याह्यांकडे पाहिलं. ते केव्हाच उभे राहिले होते आणि “काय चालू आहे हे?” म्हणून विचारत होते. त्यांच्यासमोर आहेर लपवल्याचं बाबांना कबूल करवेना. माईक माझ्या हातात होता. एक वाक्य बोललो असतो तर भाऊ सुटत होता. ते वाक्य मला सुचत होतं, निघत नव्हतं.

दादाची नोकरी पुढे टिकली. फाइल मात्र परत आली नाही. विमानं कोणाची घेतली, हे त्याने आमच्यासारखंच वर्तमानपत्रात वाचलं. माझ्याशी तो दोन वर्षं बोलला नाही. नोकरी टिकली ती माझ्यामुळे नाही, बाबांमुळेही नाही. बाबा मान खाली घालून उभे असताना नवरी बोहल्यावरून उतरली, सासऱ्यांच्या समोरून तरातरा चालत आली आणि माझ्या हातातला माईक ओढून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली,

“साहेब, दादाले काहीच मालूम नाही! ते विमान मीच लपवलं, मले आवडलं म्हणून!”