गुलालाचं ताट

"तिला गुलाल कशाला? ती काय जिंकायला आलीय?" सरदारांचे कारभारी म्हणाले आणि सगळी बैठक हसली.

ती म्हणजे मी. त्या बैठकीत माझे वडीलही होते. आबा. ताट त्यांच्याच हातात होतं.

थांबा, हे गुलालाचं आधी सांगते, नाही तर तुम्हाला काही कळायचं नाही. आबा मुरारच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांकडून बॉक्सिंग शिकले. पुढं गुडघा गेला, तेव्हा एका सरदारांच्या मुलाला, धाकट्या सरकारांना, शिकवायला लागले. ठोसा लागला की नाही, यावरून भांडण नको म्हणून युक्ती आबांचीच. दोघांनी पांढरे सदरे घालायचे, हातमोजे गुलालात बुडवायचे. ज्याच्या सदऱ्यावर डाग कमी, तो जिंकला. आबा म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, डाग बोलत नाही.

मलाही त्यांनीच शिकवलं. किल्ला गेटला आमच्या अंगणात, रेतीच्या पोत्यावर, छावणीतले जुने हातमोजे देऊन. चौदा वर्षांची होते मी. मला बॉक्सरच व्हायचं होतं. दुसरं काही डोक्यात यायचंच नाही, काय करणार! पण मुलीला कोण घेणार? एक सर्कस तेवढी घ्यायची. त्या साली मेळ्यात सर्कस आली. तिचे मॅनेजर सरदारांच्या घरी माझी आणि धाकट्या सरकारांची लढत बघायला येणार होते. मी पसंत पडले तर सर्कशीबरोबर जायचं. नाही तर चैत्रात लग्न. एका बिजवराशी, ठरलेलंच होतं.

तर धाकट्या सरकारांनी हातमोजे बुडवले. मी पुढं झाले, तेव्हाच कारभारी ते बोलले. आबांनी ताट मागं घेतलं. हळूच म्हणाले, "राहू दे, पोरी. आपलं अन्न आहे इथं."

पहिल्या फेरीत मी त्याला पाच ठोसे लावले. बरगडीत, छातीत. त्याचा सदरा कोरा. माझ्यावर दोन डाग. दुसऱ्या फेरीत तेच. मी मारतेय, आणि दिसतेय मात्र मीच मार खाताना. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून बायका हसल्या, "अगंबाई, ही तर शिमगा खेळायला आलीय!" मॅनेजरनी जांभई दिली. "लड़की तो बस मार खाना जानती है।"

मी आबांकडे बघितलं. आबा फरशीकडे बघत होते.

सरदारांचं मला काही वाटलं नाही हो, ते तसेच. पण डागाला खोटं बोलायला माझ्या आबांनी शिकवावं?

तिसऱ्या फेरीआधी मी परत ताटाकडं गेले. आबांनी ओढलं, मी धरलं, ताट खणकन फरशीवर पडलं. मी खाली वाकले. लोकांना वाटलं, माफीचा मुजरा करतेय. "हां, आता कशी!" कारभारी म्हणाले. मी दोन्ही हातमोजे सांडलेल्या गुलालात चोळले. मनगटापर्यंत.

मग उठले. एक छातीवर. एक पोटावर. एक नाकावर. नाकावरचं लाल गुलालाचं किती आणि रक्ताचं किती, मला आजही सांगता यायचं नाही.

लढत तिथंच थांबवली. आबांची नोकरी उभ्या उभ्या गेली. मॅनेजर जाता जाता म्हणाले, "हाथ अच्छा है, बेटी। पर तंबू तो इन्हीं की ज़मीन पर है।"

गेलं. सर्कसही गेली.

भर दुपारी सराफ्यातून तशीच लाल सदऱ्यानं चालत आले. दुकानदार गाद्यांवरून वाकून बघत होते. मागून आबा लंगडत. दाराशी येऊन म्हणाले, "मी तरी काय करणार होतो?" मी आत गेले.

हातमोज्यांवर थोडा गुलाल उरला होता. तो चिंधीत झटकला, गाठ मारली, चिंधी कनवटीला खोचली.

"हे कशाला?" आईनं विचारलं.

"मी लग्न करणार नाही. बॉक्सिंग करणार. कुठं, माहीत नाही. पण माझा गुलाल आता माझ्यापाशी राहील. ताट मी कुणाच्या हातात देणार नाही."

आबा दारातच उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आबांच्यासुद्धा."