बाळासोनं दोनपर्यंत मोजलं

बाळासो कांबळेंचा उजवा पाय उचगावात प्रसिद्ध होता. ट्रक, टेम्पो, सीट भरून धावणारी वडापची जीप आणि शेवटी नेमिनाथअण्णा चौगुल्यांची घरची गाडी, असं एकतीस वर्षं सगळं चालवून त्या पायानं कुणाला साधा धक्का लावला नव्हता. रस्ता ओलांडावा असं कुत्र्याच्या नुसतं मनात आलं की बाळासोचा पाय ब्रेकवर. अशानं पोचायला उशीर होतो, अशी अण्णांची तक्रार असायची. ती मात्र ते मागच्या सीटवर तासभर घोरून उठल्यावर करायचे.

अण्णांचं शेतीपंपांचं दुकान. यंदा त्यांनी नवी गाडी घेतली. स्वतःच वेग धरणारी, पुढं कुणी आलं की स्वतःच थांबणारी. तिचा एक डोळा पुढच्या जाळीमागं आणि दुसरा काचेवर. बाळासोला ती ओळखीनं लागलेल्या नव्या कारकुनासारखी वाटली. काम चोख, पण आपलं ऐकत नाही. रस्त्यावरच्या पट्ट्याला चाक लागलं की टुंग करायची, आणि कोल्हापुरात पट्ट्याला चाक न लावता गाडी चालवायची म्हणजे ती घरातच ठेवायची.

बाळासोनं आधीच ब्रेक दाबला की अण्णा मागून म्हणायचे, "बाळासो, तिला करू दे की. तू कशाला मधी पडतोस?" दुकानात आल्यागेल्याला सांगायचे, आमचा ड्रायव्हर गाडीलाच शिकवतोय. लोक हसायचे, बाळासोही हसायचा. पण पन्नाशीनंतर माणूस हसून घालवलेलंच जास्त मनाला लावून घेतो. त्यानं पायाला सवय लावली. पुढं काही दिसलं तरी ब्रेक दाबायचा नाही, मनात दोनपर्यंत मोजायचं. गाडी दर वेळी थांबायची. सहा महिन्यांत पाय पुरता शहाणा झाला.

खंडेनवमीला अण्णांच्या बायकोनं, चंदनावहिनींनी, गाडीची पूजा केली. बाळासोच्या घरी बुद्धवंदना, हारनारळ नाही. पण मालकाच्या गाडीला हार बांधायचा मान दर वर्षी त्याचाच. मनगटाएवढा जाड झेंडूचा हार त्यानं जाळीवर घट्ट बांधला. चौगुल्यांच्या घरची रीत अशी, की हा हार हातानं काढायचा नाही. वाळून आपला आपण पडला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायला लागली. वाऱ्यानं हार हलला की जायची, पुन्हा यायची. बाळासोनं अण्णांना दाखवली. अण्णांकडे चष्मा नव्हता. सर्व्हिसिंग आलं असेल, ओके दाब, म्हणाले. बाळासो दाबत राहिला.

पाचव्या दिवशी दिवेलागणीच्या आधी, गडमुडशिंगीच्या रस्त्याला, आकाराम नावाचा शेतकरी सायकलवर वैरणीचा भारा लादून ती हातानं ढकलत निघाला होता. गाडी थांबली नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच आकाराम गेला.

मग चूक फिरायला लागली. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन पोलीस ठाण्याच्या आवारात आला. गाडीनं त्रेचाळीस वेळा सांगितलं की माझा डोळा झाकलाय, चालकानं त्रेचाळीस वेळा ओके दाबलं, असं त्यानं दाखवलं. काचेवरच्या डोळ्याला भाऱ्याआडचा माणूस माणूस वाटला नाही, हे त्यानं जरा हळू सांगितलं. अण्णा म्हणाले, हार चालत नाही हे आधी का सांगितलं नाही? माहितीपुस्तकात पान दोनशे बारावर आहे, असं उत्तर आलं. ते पुस्तक सीलबंद पिशवीत गाडीच्या कप्प्यात होतं. पिशवीला हळदकुंकू लावलेलं होतं.

शेवटी अण्णांच्या वकिलांनी सगळ्यांना परवडणारा माणूस शोधला. जो बोलू शकत नव्हता, तो. बाळासोनं जबाबात तीनच वाक्यं सांगायची: अंधार पडला होता, सायकल एकदम आडवी आली, मला दिसली नाही. म्हणजे कंपनी सुटली, अण्णा सुटले, बाळासोही सुटला. आकाराम तेवढा उरला.

बाळासोनं तीन वाक्यं पाठ केली. जबाबाच्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. बायको, बायडाबाई, भाकरी थापत होती.

"मला दिसलता गं त्यो."

तिचा हात थांबला. "कवा?"

"लांबनं. भारा, सायकल, डोक्यावरची टोपी. समदं दिसलं."

"मग?"

"मोजत बसलो. एक, दोन. ती थांबंल म्हणून."

एरवी प्रत्येक गोष्टीत खोड काढणारी बायडाबाई थापलेलीच भाकरी पुन्हा थापत राहिली. सांगितलं तर आत घालतील का, असं तिनं विचारलं. घालतीलही, लायसन तर जाईलच, तो म्हणाला. सांग की नको सांगू, एवढं तरी बोल, असं त्यानं विनवलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"मला इचारू नगंस. मी काय बी सांगितलं, तरी जलमभर माझ्याच नावावर टाकशील."

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर आकारामची बायको, बाळाबाई, दिराबरोबर बसली होती. बाळासो कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तो जवळून जाताना तिनं विचारलं, "पावणं, आत काय लिवायलेत, ऐकलं काय? आमचं ह्ये आडवं गेलं म्हणत्यात. जलमभर कडंनं चालल्यालं माणूस त्ये."

बाळासो थांबला नाही. तो आत गेला.

आत अण्णा आणि वकील आधीच बसले होते. फौजदारांनी नाव, गाव, वय विचारलं. अंधाराचं विचारलं, तेव्हा बाळासो म्हणाला, उजेड होता. वकिलांना खोकला आला. फौजदारांनी मान वर केली.

"सायकल दिसली होती?"

अण्णा बाळासोकडे पाहत होते. पंधरा वर्षं ते आरशातून त्याच्याकडे पाहत आले होते; समोरासमोर, एवढ्या जवळून, बहुधा पहिल्यांदाच. वकिलांचा खोकला थांबेना.

"दिसली व्हती, सायेब. चांगली लांबनं."

मग त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. हार कुणी बांधला, काढू नको कुणी सांगितलं, ओके कुणी सांगितलं आणि कुणी दाबलं. जेवढं ज्याचं तेवढंच त्याला दिलं. मोजल्याचंही सांगितलं. फौजदार वैतागले. म्हणाले, अहो, मग चूक गाडीची का तुमची, एक काय ते सांगा.

"गाडीला आकाराम दिसला न्हाय, सायेब. मला दिसलता."

फौजदारांनी तसंच टाइप करायला सांगितलं. वकील अण्णांच्या कानाशी लागले. अण्णांनी त्यांचा हात बाजूला केला. बाळासोनं सही केली. हवालदार त्याला पलीकडच्या खोलीत न्यायला उठला. एक मिनिट द्या, म्हणून बाळासो व्हरांड्यात आला आणि बाळाबाईसमोर उभा राहिला.

"त्ये आडवं न्हाय आलं, वैनी. कडंनंच चाललंतं. गाडीवर मी व्हतो. तसं लिवून दिलंय."

तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. शिवी दिली नाही, रडलीही नाही. दिराला म्हणाली, "आत जाऊन वाचून या. ह्येच्या नुसत्या बोलण्यावर मला जायाचं न्हाय."

दीर आत गेला. हवालदार दारात वाट बघत होता. बाळासो हलला नाही. व्हरांड्यात ती दोघंच, एकमेकांकडे न बघता. बऱ्याच वेळानं दीर बाहेर आला.

"लिवलंय," तो म्हणाला. "कडंनं चाललंतं, असंच लिवलंय."

बाळाबाईनं पदर सावरला आणि ती उठली. बाळासो हवालदारामागून आत गेला.