आईचं पाया सूप

अंगठा धरला की मी माणसात राहत नाही. चादरीचं टोक लागलं तरी बोंब मारतो, पंख्याच्या वाऱ्याचाही राग येतो. त्या सकाळी उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला होता. बायकोनं नुसतं "काय झालं?" विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

आई मात्र कुणाला न विचारता पिशवी घेऊन छावणीच्या बाजारात गेली. बकऱ्याचे पाय आणले, जाळावर भाजून खरवडले अन् कुकरला लावले. आमचं घराणं मूळ गंगापूरकडचं, मेंढरांमागं चालणारं. पाय दुखला की पाया सूप, हेच तिथलं औषध. "पायाला पायच लागतो," आई म्हणायची. आठवडाभरात सूज उतरायची, श्रेय सुपाला जायचं. थोडे दिवस बरे गेले की पुन्हा तेच.

शेवटी बायकोनं दवाखान्यात ओढून नेलं. रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आत्ता सुजेची गोळी घ्या, बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, पाणी भरपूर प्या. सूज ओसरली की ॲसिड कमी करणारी दुसरी गोळी सुरू करू. ती रोज घ्यायची, दुखो न दुखो. बियर बंद, कलेजी बंद अन् पाया सूप तर अजिबात नाही.

झालं! आता हे आईला कुणी सांगायचं? या वयात ही बाई दुखरे गुडघे घेऊन बाजार करते, ते माझ्यासाठी. माझी काही जीभ रेटेना. पुढच्या वेळी तिलाच सोबत नेलं अन् मॅडमना म्हटलं, तुम्हीच सांगा.

त्यांनी गोडीनं सांगितलं. "आजी, तुमचं काही चुकलं नाही. हा त्रास घराण्यातही असतो, सुपानं त्यात भर पडते. यांच्या वडिलांना होता का?"

"व्हय," आई म्हणाली. "हाच अंगठा."

घरी आल्यावर आई ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "लई तळमळायचे रे ते. अन् मी येडी वाटीवर वाटी पाजत बसले."

मी लंगडत गेलो अन् तिला जवळ घेतलं. "अगं, बाबा तर स्वतःहून तिसरी वाटी मागायचे," म्हटलं. ते खरंच मागायचे. ती पदरात तोंड घालून रडली. मलाही राहवलं नाही.

आता बरेच दिवस अंगठा शांत आहे. रोज जेवण झालं की आई गोळी अन् पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहते. गिळेपर्यंत हलत नाही. परवा मी वैतागलो. "आता काय दुखतंय का माझं? आज राहू दे ना."

"दुखत नाय तवाच घ्यायची असती," ती म्हणाली. "त्यांना हे सांगायला कोनी नव्हतं. तू घे."

मी तोंड उघडलं. तिनं स्वतःच्या हातानं गोळी माझ्या जिभेवर ठेवली.